कटर घेतला, कोयती ठेवली

आंब्या-काजूच्या बागेत पेट्रोलवर चालणारा गवत कापायचा कटर येऊ नये, असं माझं ठाम मत होतं. ते मी कधी लपवलं नाही. बागायतदारांच्या बैठकीत, देवळातल्या गप्पांत, शेजाऱ्याच्या बांधावर उभं राहून ते मी अनेकांना ऐकवलं. आज माझ्या बागेत कटर आहे, तो मी स्वतः चालवतो, त्याची देखभाल स्वतः करतो आणि विचारणाऱ्याला ‘घ्या’ म्हणून सांगतो. ज्यांनी माझं आधीचं बोलणं ऐकलं, त्यांना हा बदल कसा झाला हे कळायला हवं, म्हणून हे मनोगत.

आधी जुन्या मताची बाजू मांडतो, कारण त्यातलं बरंचसं मला आजही पटतं. आमची बाग देवगड तालुक्यात सड्यावर आहे. वरच्या अंगाला कातळ फोडून, माती भरून लावलेली हापूसची कलमं, खाली उताराला काजू. पाऊस ओसरला की कमरेएवढं गवत माजलेलं असतं. त्यात रानमोडी आणि करवंदीच्या जाळ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास बेणणी सुरू होते. बायामाणसं ओळीने वाकून कोयतीने गवत कापत पुढे सरकतात. या कामात हाताइतकीच नजर राबते. पडलेल्या बोंडूतून आपसूक रुजलेलं काजूचं रोप दिसलं की कोयती त्याला वळसा घालते. शतावरीचा वेल राहतो. गवतात लाव्याची अंडी असली तर तेवढा झुपका तसाच सोडून बाई पुढे जाते. यंत्राला ही नजर नाही. शिवाय बेणणीची मजुरी गावातल्या चार घरांत जाते, यंत्राचा पैसा पेट्रोल पंपावर जातो. आणि तो आवाज! सकाळी एका सड्यावर कटर सुरू झाला की पलीकडच्या वाडीपर्यंत ऐकू येतो. हे सगळे मुद्दे खरे आहेत. माझं मत बदललं ते हे मुद्दे खोटे ठरले म्हणून नव्हे.

बदलली ती बागेची परिस्थिती. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवडीची योजना आली आणि कोकणातल्या वरकस जमिनी, सडे, डोंगरउतार आंबा-काजूने भरून गेले. बागा वाढल्या आणि त्याच काळात गावातले हात कमी होत गेले. तरुण मुलं मुंबई-पुण्याला, गोव्याला गेली. आज फवारणी, काढणी आणि राखण यांसाठी आमचा सगळा पट्टा नेपाळी गड्यांवर उभा आहे. बेणणीला मात्र पूर्वीपासून येणाऱ्या बायकाच येत राहिल्या, आणि त्यांची वयं वाढली. वाकून कापणं हे कंबरेचं आणि गुडघ्यांचं काम. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणाऱ्या एका बाईने एका हंगामात कोयती खाली ठेवली आणि सरळ सांगितलं, “माका आता वाकाक जमना नाय, काकानू. मशीन घेवा, नायतर औषध मारा.”

त्या वाक्यातल्या शेवटच्या दोन शब्दांनी मला विचार करायला लावलं. मी इतकी वर्षं कटरची तुलना कोयतीशी करत होतो. प्रत्यक्षात आजूबाजूच्या बागांत कोयतीची जागा औषध, म्हणजे तणनाशक, घेत होतं. ज्यांना माणसं मिळत नव्हती ते फवारणी करत होते, आणि ज्यांना तेही परवडत नव्हतं ते गवत तसंच उभं ठेवत होते. उभं गवत फेब्रुवारीपासून वाळून कोळ होतं. कुठेतरी विडीचं थोटूक पडतं, विजेच्या तारा घासून ठिणगी उडते, आणि वणवा गडगे ओलांडून बागेत शिरतो. मोहोरावर आलेलं, फळं धरलेलं कलम एकदा होरपळलं की पुढची कित्येक वर्षं त्याची भरपाई होत नाही. म्हणजे निवड कोयती की कटर अशी उरलीच नव्हती. कटर, तणनाशक की वणवा, यांतून एक निवडायचं होतं.

तणनाशकाबद्दल माझं मत पूर्वीही होतं तेच आहे. ग्लायफोसेट या तणनाशकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली माणसाला बहुधा कर्करोगकारक अशा गटात टाकलं. आपल्या केंद्र सरकारने २०२२ साली त्याच्या वापरावर निर्बंध घातले आणि तो फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करावा असं ठरवलं. पण माणसाच्या तब्येतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी आमच्या जमिनीचा प्रश्न उरतोच. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि कातळावरची माती जेमतेम हातभर असते. तणनाशकाने गवत मुळासकट मरतं, जमीन उघडी पडते आणि पुढच्या पावसात ती ओहोळाने वाहून जाते. कापलेल्या गवताची मुळं जिवंत राहतात. ती माती धरून ठेवतात, आणि कापलेलं गवत कलमाच्या आळ्यात पसरलं की उन्हाळ्यात ओल टिकते. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी कापण्याच्या बाजूने आहे. कापायला माणूस नसेल तर यंत्राने.

दुसरं कारण फुरशाचं. आमच्या जांभ्या दगडाच्या मुलखात फुरसं नवलाईचं नाही. दगडाखाली, गडग्याच्या फटीत, गवताच्या बुडाशी ते बसून असतं आणि त्याचा रंग मातीत मिसळून जातो. कोयतीने बेणताना एका हाताने गवताची मूठ धरावी लागते, म्हणजे हात नेमका तिथेच जातो जिथे फुरसं असतं. कटर चालवणारा उभा असतो. त्याचे दोन्ही हात मुठींवर, जमिनीपासून वर असतात आणि पायात बूट असतात. त्याने धोका संपत नाही, पण हात त्या जागेवरून दूर होतो. रानात काम करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

इथवर कटरला माझी मान्यता नाइलाजाची होती. ती मनापासूनची झाली यंत्र समजून घेतल्यावर. ज्या गोष्टीची मला भीती होती, की यंत्र आलं की कामातलं लक्ष जातं, ती यंत्र नीट राखणाऱ्याच्या बाबतीत खरी नाही. कटर लक्ष मागतो, आणि ते दिलं नाही तर एका हंगामात भंगारात जातो.

आमच्याकडे येणारे बरेचसे कटर टू-स्ट्रोक असतात. त्यांच्या इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी तेलच पिस्टनला आणि बेअरिंगला वंगण देतं. किती मिसळायचं ते त्या मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पन्नासास एक असेल तर लिटरला २० मिली, पंचवीसास एक असेल तर ४० मिली. गावोगावी हे मिश्रण पाण्याच्या बाटलीत, झाकणाच्या अंदाजाने होतं. तेल कमी पडलं तर पिस्टनवर ओरखडे उठतात आणि तो जाम होतो. जास्त पडलं तर धूर येतो, प्लग काळा होतो आणि सायलेन्सरच्या जाळीत काजळी साचते. म्हणून मी मापाची नळकांडी आणून ठेवली आहे. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करून, हलवून मग टाकीत ओततो, आणि त्या आठवड्याला लागेल तेवढंच करतो. फोर-स्ट्रोक कटरमध्ये साधं पेट्रोल जातं आणि इंजिन ऑइल वेगळं असतं, ते ठरावीक तासांनी बदलावं लागतं. दोन्ही प्रकारचे कटर एकाच बागेत असतील तर कॅनवर ठळक लिहून ठेवा. टू-स्ट्रोकमध्ये चुकून साधं पेट्रोल गेलं तर इंजिन थोड्याच वेळात बसतं.

पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. २०२२ मध्ये त्यात दहा टक्के इथेनॉल आलं आणि २०२५ पर्यंत ते वीस टक्क्यांवर गेलं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि कोकणच्या हवेत ओलीला तोटा नाही. टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं तर पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं बसतं. कार्बोरेटरमधला पातळ रबरी पडदा आणि इंधनाची नळी कडक होते, कधी चिरते. पुढच्या दसऱ्याला दोरी ओढून ओढून हात दुखतो, मशीन सुरू होत नाही आणि दोष मशीनला दिला जातो. यावर उपाय साधा आहे. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. मग पुसून, सावलीत टांगून ठेवायचं.

दिवसाचं काम संपल्यावर मी एअर फिल्टर काढून बघतो. वाळलेल्या गवताची कुसळं आणि लाल धूळ त्या स्पंजात गच्च बसलेली असते. साबणाच्या पाण्यात धुऊन, पिळून, पूर्ण वाळवून तो परत लावतो. फिल्टर तुंबला की इंजिनला हवा कमी पडते, पेट्रोल जास्त जळतं आणि जोर कमी होतो. प्लग काढून त्याचा रंग पाहतो. टोक तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळं आणि तेलकट असेल तर तेल जास्त किंवा फिल्टर तुंबलेला. पांढरट असेल तर इंजिन जास्त तापतं आहे, आणि ते चालवत राहणं धोक्याचं. प्लगच्या दोन टोकांमध्ये साधारण अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त फट लागते, नेमका आकडा पुस्तिकेत मिळतो. खालच्या टोकाला, जिथे पातं बसतं तिथे, गिअरची छोटी पेटी असते आणि तिच्या अंगाला एक स्क्रू. तो उघडून आत ग्रीस भरायचं असतं. कितीतरी कटर असे पाहिले की ज्यांचा तो स्क्रू कारखान्यातून आल्यापासून कोणी फिरवलेलाच नव्हता. गिअर झिजले की पेटी हात लावू देत नाही इतकी तापते.

आता पात्याऐवजी कटरला लावायच्या नायलॉनच्या दोऱ्याबद्दल. ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांना १९७१ साली दोऱ्याने गवत कापायची कल्पना सुचली ती गाडी धुण्याच्या केंद्रातले फिरते ब्रश पाहून. झाडांच्या बुंध्याभोवतीचं गवत साल न दुखवता कापता यावं, ही त्यांची मूळ गरज होती. पत्र्याच्या डब्याला मासेमारीचा दोरा बांधून त्यांनी पहिला प्रयोग केला. मऊ नायलॉनचा दोरा वेगाने फिरला की ताठ होतो आणि त्याच्या टोकाने गवत कापलं जातं. कापतं ते टोकच. दोरा गवतात खोल घुसवला तर तो नुसता झोडपत राहतो, इंजिनावर भार येतो आणि दोरा लवकर तुटतो. रिळावर गुंडाळताना त्याच्या दोन्ही बाजू बाणाच्या दिशेने, एकमेकींवर न चढवता, ओळीने बसवाव्या लागतात. आडव्यातिडव्या गुंडाळल्या तर काम करताना त्या तापून एकमेकींना चिकटतात आणि दोरा बाहेर येणं थांबतं. रात्रभर पाण्यात भिजवलेला दोरा कमी ठिसूळ असतो. हे सगळं करायला हात स्थिर लागतात आणि वेळ द्यावा लागतो. बेणणीच्या आदल्या संध्याकाळी ओसरीवर बसून दोरा भरताना माझं जेवढं लक्ष लागतं, तेवढंच पूर्वी कोयतीला धार लावताना लागायचं.

बॅलस यांचा हेतू झाडाची साल वाचवण्याचा होता, पण कोवळ्या कलमाच्या बाबतीत दोऱ्यावर विश्वास टाकता येत नाही. दोन-तीन वर्षांच्या कलमाची साल पातळ असते. दोरा तिला घासला की सालीची एक अंगठी निघते आणि अन्न खाली मुळांकडे नेणारा थर तुटतो. वरची पानं काही दिवस हिरवी दिसतात, मग कलम वाळतं, आणि बागायतदार खोडकिड्याला दोष देतो. म्हणून आमच्या बागेत आळ्याच्या आत कटर जात नाही. तिथे आजही कोयती चालते, हातानेच. आळ्यातलं गवत काढायला, रोप ओळखायला, शतावरी राखायला तीच बाई येते. आता ती मोडा घेऊन बसून काम करते, आणि मजुरी पूर्वीइतकीच आहे. मधल्या मोकळ्या पट्ट्यांत कटर फिरतो. उतारावरचे काही कोपरे आणि ओहोळाच्या कडा आम्ही पाऊस संपल्यावर लगेच कापत नाही. लाव्यांची पिल्लं निघून गेली की मगच त्यांचा नंबर लागतो. जिथे कापतो तिथेही चार बोटं बुडखा ठेवतो, जमीन खरवडत नाही.

दोऱ्याबद्दलची एक तक्रार मात्र अजून सुटलेली नाही. तो झिजतो म्हणजे नायलॉनचे बारीक तुकडे मातीत जातात. म्हणून जाड गवताला आणि रानमोडीला मी पोलादी पातं लावतो आणि दोरा फक्त गडग्यालगत, दगडांजवळ वापरतो. पात्याची शिस्त वेगळी. दगडावर आपटलं तर ते झटका देतं, आणि वाळलेल्या गवतात ठिणगीही पाडू शकतं. म्हणून पात्याचं काम गवत हिरवं असतानाच, डिसेंबरच्या आत उरकतो. पेट्रोल भरायचं ते इंजिन थंड झाल्यावर, मोकळ्या जमिनीवर.

आता ज्या गोष्टीसाठी मी सर्वांत आग्रही आहे ती सांगतो. कटर भाड्याने चालवणारी पोरं बहुतेक ठिकाणी डोळ्यांवर काही न लावता, कानात काही न घालता, पायात स्लिपर घालून काम करताना दिसतात. दोरा लांब सोडता यावा म्हणून पुढचा गार्डही काढून टाकतात. त्या गार्डला दोरा मापात कापणारं छोटं पातं असतं. तो काढला की दोरा जास्त लांब होतो, इंजिन भार ओढत तापतं आणि दगड सरळ पायावर येतात. जांभ्याचा बोराएवढा खडा या वेगाने डोळ्यात गेला तर डोळा जातो. पंधरा मीटरच्या आत दुसरं माणूस असू नये, हा नियम पुस्तिकेत छापलेला असतो. आमच्याकडे मात्र मागोमाग गवत गोळा करणारी बाई चार पावलांवर असते. आवाजाचंही तसंच. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन होऊ शकतो असं मानतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. शंभर डेसिबलला तो जेमतेम पाव तास उरतो. पेट्रोलचा कटर या शंभराच्या आसपासच बोलतो. दिवसभर उघड्या कानांनी तो चालवणाऱ्या पोराची ऐकण्याची शक्ती तिशीतच कमी व्हायला लागते, आणि गेलेली परत येत नाही. बायकांच्या कंबरा वाचवून पोरांचे कान घालवायचे असतील, तर माझं मत बदलण्यात काही अर्थ उरत नाही.

म्हणून आज माझं म्हणणं असं आहे. बागेत कटर हवा. तणनाशक नको, उभं वाळलेलं गवतही नको. पण कटर घेणं म्हणजे फक्त मशीन घेणं नव्हे. त्याच्याबरोबर चेहऱ्यावरची जाळी, कानावरचे मफ, बूट आणि जाड पँट त्याच दिवशी घ्या, आणि भाड्याने येणाऱ्या पोरालाही ते घातल्याशिवाय मशीन सुरू करू देऊ नका. गार्ड काढलेला कटर बागेत शिरू देऊ नका. इंजिन मंद चालू असताना पातं फिरत असेल तर काम थांबवा, आधी ते दुरुस्त करा. तेलाचं माप, फिल्टर आणि ग्रीस यांची जबाबदारी मालकाने स्वतःकडे ठेवावी, ती गड्यावर ढकलू नये. एकट्याला परवडत नसेल तर चार बागायतदारांनी मिळून एक चांगला कटर घ्यावा आणि त्याची देखभाल एकाच हातात द्यावी.

आणि कोयती टाकून देऊ नका. कलमाच्या आळ्यात तिच्याइतकं विश्वासाचं हत्यार अजून आलेलं नाही.